कार ॲम्प्लिफायर आणि सबवूफर : ओहमचा मेळ सुरक्षितपणे कसा घालावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, परभणी, नांदेडपासून जालना आणि छत्रपती संभाजीनगरपर्यंतच्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत लग्नसराईत भाड्याने जाणाऱ्या गाड्यांचे मालक आहेत, ऊस वाहणारे ट्रॅक्टरचालक आहेत आणि ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात काम शिकणारी मुलेही आहेत. बऱ्याच जणांचा प्रश्न ‘ॲम्प्लिफायर जळाला’ येथूनच सुरू होतो. जोडणीआधी कागदावर दोन ओळींचे गणित मांडले असते, तर त्यांतील बहुतेकांचे नुकसान टळले असते, असे आम्हाला मनापासून वाटते. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर तेथे तो क्रमांक सांगितला आहे.

१. सबवूफरवर ‘४ ओहम’ असे छापलेले असते. हा इंपीडन्स म्हणजे नेमके काय?

सबवूफर म्हणजे बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, वाजवणारा मोठा स्पीकर. त्याच्या आत बारीक तारेची एक कॉइल असते आणि ॲम्प्लिफायरकडून तिच्यात सतत दिशा बदलणारा प्रवाह जातो. त्या प्रवाहाला कॉइल जो एकूण विरोध करते, त्याला इंपीडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. शाळेत शिकलेला रोध हा त्याचा एक भाग आहे. त्याशिवाय कॉइलच्या चुंबकीय गुणामुळे आणि कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या शंकूसारख्या पडद्याच्या, हालचालीमुळे होणारा विरोधही त्यात मिळतो, म्हणून हा आकडा प्रत्येक वारंवारितेला वेगळा असतो. लेबलवरचे ‘४’ हे हिशेबासाठी धरलेले सोयीचे माप आहे, आणि ॲम्प्लिफायर सुरक्षित राहील की नाही हे ठरवताना त्याच मापावर चालावे.

२. माझ्या ॲम्प्लिफायरवर ‘किमान २ ओहम’ लिहिले आहे. त्याला ४ ओहमचा सबवूफर चालेल का? आणि १ ओहमचा?

४ ओहमचा खुशाल चालेल, १ ओहमचा चालणार नाही. मेळ घालणे म्हणजे दोन्हीकडचे आकडे तंतोतंत जुळवणे, असा एक समज आहे. तो जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरच्या काळातला आहे, कारण त्यांना आउटपुट ट्रान्सफॉर्मर असे आणि तेथे आकडा जुळवावा लागे. आजच्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला फक्त खालची मर्यादा असते. त्या मर्यादेच्या वरचा कोणताही भार त्याला सोसतो. फक्त वॉट कमी मिळतात आणि ॲम्प्लिफायर थंड राहतो. मर्यादेच्या खाली गेलेला भार मात्र आज ना उद्या त्याला मारतोच.

३. ओहम निम्मे केले की वॉट दुप्पट होतात म्हणतात. मग कमी ओहमवर चालवण्यात वाईट ते काय?

हिशेब करून पाहू. ॲम्प्लिफायर २० व्होल्ट देत आहे असे धरा. ४ ओहमच्या भारात ५ ॲम्पियर प्रवाह जाईल आणि १०० वॉट मिळतील. २ ओहमला १० ॲम्पियर आणि २०० वॉट, तर १ ओहमला २० ॲम्पियर आणि ४०० वॉट. कागदावर हे फुकटचे दुप्पट दिसते, पण प्रवाह दुप्पट झाला की ॲम्प्लिफायरच्या आतल्या ट्रान्झिस्टरांच्या रोधावर तयार होणारी उष्णता चौपट होते. शिवाय पॉवर सप्लाय तेवढा प्रवाह पुरवताना व्होल्टेज थोडे सोडतो, म्हणून प्रत्यक्षात वॉट पूर्ण दुप्पट होतही नाहीत. कंपनीच्या तक्त्यात ४ ओहमला ३०० आणि २ ओहमला ५०० असे आकडे दिसतात ते यामुळेच.

कानाला पडणारा फरक तर आणखी कमी असतो. वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाजात फक्त ३ डेसिबलची भर पडते, आणि आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल लागतात. सबवूफरसाठी चांगल्या मापाची पेटी बनवून घेतली, तर एवढी भर ॲम्प्लिफायरला हातही न लावता मिळू शकते. वॉटच्या मागे धावण्याआधी पेटीकडे लक्ष द्यावे, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

४. एकसर आणि समांतर जोडणीत ओहम कसे मोजायचे?

एकसर जोडणीत, म्हणजे दुकानात जिला सिरीज म्हणतात तिच्यात, आकड्यांची सरळ बेरीज होते. ४ आणि ४ मिळून ८ ओहम. समांतर, म्हणजे पॅरलल जोडणीत दोन आकड्यांच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेने भागावे. ४ गुणिले ४ म्हणजे १६, भागिले ८, म्हणजे २ ओहम. सगळ्या कॉइली सारख्या असतील, तर एकीच्या ओहमला कॉइलींच्या संख्येने भागले तरी तेच उत्तर येते.

समांतर जोडणीत ओहम वाढायच्या ऐवजी कमी का होतात, हे अनेकांना पटत नाही. विहिरीवरच्या मोटरचा अनुभव आठवावा. एकाच पाइपाऐवजी चार वाटा मोकळ्या सोडल्या, तर पाण्याला अडथळा कमी होतो, पाणी जास्त जाते आणि मोटर जास्त ॲम्पियर ओढते. समांतर जोडलेली प्रत्येक कॉइल ही प्रवाहासाठी उघडलेली आणखी एक वाट असते.

५. ड्युअल व्हॉइस कॉइलचा, म्हणजे दोन कॉइलींचा, सबवूफर घ्यायचा आहे. ४ ओहमचा घ्यावा की २ ओहमचा?

आधी ॲम्प्लिफायरची किमान मर्यादा पाहावी आणि मग सबवूफर निवडावा. अशा सबवूफरवर छापलेला आकडा एका कॉइलचा असतो. दोन्ही कॉइली ४ ओहमच्या असतील, तर समांतर जोडून २ आणि एकसर जोडून ८ ओहम मिळतात. दोन्ही २ ओहमच्या असतील, तर १ किंवा ४ मिळतात. यावरून ध्यानात येईल की एका सबवूफरसाठी ‘किमान २ ओहम’च्या मोनोब्लॉकला, म्हणजे एकाच चॅनेलच्या (एकच आउटपुट देणाऱ्या) ॲम्प्लिफायरला, ४ अधिक ४ ओहमचा नग बरोबर बसतो, तर फक्त ४ ओहम सोसणाऱ्या ॲम्प्लिफायरला २ अधिक २ ओहमचा, एकसर जोडून. दुकानदाराने नुसते ‘४ ओहमचा आहे’ असे सांगितले, तर कॉइली किती आहेत आणि ४ एका कॉइलचे की मिळून, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

६. एका मोनोब्लॉकवर दोन सबवूफर लावायचे आहेत. कोणकोणत्या जोडण्या शक्य आहेत?

एकेरी कॉइलचे दोन ४ ओहमचे सबवूफर समांतर जोडले तर २ ओहम, एकसर जोडले तर ८. येथपर्यंत सोपे आहे. दुहेरी कॉइल आली की खरी चूक होते, कारण आता हिशेब चार कॉइलींचा असतो.

४ अधिक ४ ओहमचे दोन सबवूफर घ्या. चारही कॉइली समांतर जोडल्या तर १ ओहम होतो. प्रत्येक सबवूफरच्या कॉइली आपसांत एकसर जोडून ८ केल्या आणि मग ते दोन सबवूफर समांतर जोडले, तर ४ ओहम मिळतात. आतल्या कॉइली समांतर ठेवून सबवूफर एकसर जोडले तरी ४ ओहमच येतात, पण आम्ही पहिली रीत पसंत करतो. तिच्यात प्रत्येक सबवूफरला ॲम्प्लिफायरचे पूर्ण व्होल्टेज मिळते आणि एकाच्या हालचालीचा परिणाम दुसऱ्याच्या व्होल्टेजवर होत नाही. थोडक्यात, ४ अधिक ४ च्या जोडीतून या रीतींनी १ किंवा ४ मिळतात, २ मात्र मिळत नाहीत. ज्यांचा ॲम्प्लिफायर किमान २ ओहमचा आहे, त्यांनी दोन नगांसाठी २ अधिक २ ओहमचे सबवूफर घ्यावेत. आतल्या कॉइली एकसर, सबवूफर समांतर, म्हणजे बरोबर २ ओहम. हेच नग चारही कॉइली समांतर जोडून लावले, तर ०.५ ओहम होतात आणि तेवढे सोसणारे ॲम्प्लिफायर फार थोडे असतात.

७. मोनोब्लॉकला मागे दोन स्पीकर जोडणारे टर्मिनल आहेत. दोन सबवूफर वेगवेगळ्या टर्मिनलला लावले, तर प्रत्येकाचे ४ ओहम वेगळे धरायचे ना?

नाही. ती दोन टर्मिनल आतून एकमेकांना जोडलेलीच असतात आणि केवळ वायर बसवण्याच्या सोयीसाठी दिलेली असतात. म्हणून ४ ओहमचा एकेक सबवूफर दोन्हीकडे लावला, तर भार २ ओहमच होतो. या एका गैरसमजाने बरेच ॲम्प्लिफायर प्रोटेक्टमध्ये जातात, म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतात.

८. दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर ‘२ ओहम स्टेबल’ आहे. तो ब्रिज करून २ ओहमचा सबवूफर लावला, तरी तो जळाला. असे का झाले?

ब्रिज केल्यावर, म्हणजे दोन चॅनेल मिळून एकच सबवूफर चालवला की, प्रत्येक चॅनेलला भार निम्माच दिसतो, म्हणून. हे पटवून घ्यायचे, तर प्रश्न ३ मधलाच हिशेब पुढे न्यावा. एक चॅनेल २० व्होल्ट देतो. ब्रिजमध्ये दोन्ही चॅनेल एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात, त्यामुळे सबवूफरवर ४० व्होल्ट पडतात. सबवूफर ४ ओहमचा असेल, तर १० ॲम्पियर प्रवाह वाहतो आणि तो दोन्ही चॅनेलांतून जातो. म्हणजे प्रत्येक चॅनेल २० व्होल्टला १० ॲम्पियर देत असतो, आणि त्याच्या दृष्टीने तो भार २ ओहमचा ठरतो. येथेच त्याची मर्यादा संपली. सबवूफर २ ओहमचा लावला, की प्रत्येक चॅनेलला १ ओहम दिसू लागतो.

म्हणून साधा नियम असा : स्टीरिओला, म्हणजे चॅनेल वेगवेगळे वापरताना, जे किमान लिहिले असेल, त्याच्या दुप्पट ब्रिजला धरावे. चार चॅनेलच्या ॲम्प्लिफायरचे मागचे दोन चॅनेल ब्रिज करून सबवूफरला देतात, तेव्हाही हाच नियम लागतो. ब्रिजसाठी कोणते धन आणि कोणते ऋण टर्मिनल वापरायचे, हे प्रत्येक ॲम्प्लिफायरवर रेघ काढून दाखवलेले असते. ते पाहिल्याशिवाय अंदाजाने जोडू नये.

९. लेबल निघून गेले आहे. मल्टिमीटरने ओहम कसे मोजावेत?

सबवूफरच्या वायरी ॲम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवाव्यात. जोडलेल्या अवस्थेत मोजलेला आकडा निरुपयोगी असतो. मल्टिमीटर २०० ओहमच्या पट्टीवर ठेवून आधी त्याची दोन टोके एकमेकांना टेकवावीत. तेथे ०.२ किंवा ०.३ असे काही दिसले, तर तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध आहे आणि तो नंतरच्या आकड्यातून वजा करावा. मग कॉइलीच्या दोन टोकांवर मोजावे आणि कोनला हात लावू नये, कारण कोन हलला की आकडा नाचतो. मीटर फक्त रोध दाखवतो आणि तो छापील इंपीडन्सपेक्षा थोडा कमीच असतो. साधारण ३.२ ते ३.७ दिसले तर सबवूफर ४ ओहमचा, १.६ ते १.९ दिसले तर २ ओहमचा, ६ ते ७ दिसले तर ८ ओहमचा समजावा.

पेटी बंद असेल, तर हे मोजणे टाळूच नये. परभणीकडून आमच्याकडे एक पेटी आली होती. तिच्यातल्या दोन्ही सबवूफरवर ४ ओहम छापलेले होते आणि ॲम्प्लिफायर किमान २ ओहमचा होता, म्हणून मालकाला सगळे बरोबर वाटत होते. पेटीच्या बाहेर आलेल्या दोन वायरींवर मीटरने ०.९ दाखवले. स्क्रू काढून पाहिले, तर आत चारही कॉइली समांतर जोडलेल्या होत्या आणि सांध्यांवर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली होती. एका सांध्याजवळ ती वितळून तपकिरी झाली होती. लेबल खोटे नव्हते, ते एका कॉइलीचे होते.

दुहेरी कॉइलीच्या सबवूफरमध्ये आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. एका कॉइलीचे टोक आणि दुसऱ्या कॉइलीचे टोक यांच्यात, तसेच कोणतीही कॉइल आणि धातूची चौकट यांच्यात, मीटरने काहीही जोडणी दाखवता कामा नये.

१०. एकाने सांगितले की पेटीत बसवल्यावर ओहम आपोआप वाढतात, म्हणून १ ओहमची जोडणी २ ओहमच्या ॲम्प्लिफायरला चालते. हे खरे आहे का?

पहिले अर्धे खरे आहे. सबवूफर ज्या वारंवारितेला अनुनादित होतो, तेथे त्याचा इंपीडन्स छापील आकड्याच्या अनेक पट चढतो, आणि पेटीच्या प्रकाराप्रमाणे ही शिखरे सरकतात. पण शिखरांच्या मधल्या भागात तो पुन्हा खाली, जवळपास कॉइलीच्या नुसत्या रोधापर्यंत येतो. गाण्यातला ढोल किंवा बेस नेमका त्या भागात वाजला, की ॲम्प्लिफायरला पूर्ण १ ओहमच दिसतो. स्पर्धेसाठी एकच सूर वाजवणारे लोक या चढाचा हिशेब मोजमाप करून धरतात. रोज गाणी ऐकणाऱ्याने त्यावर भरवसा ठेवू नये.

११. एक ४ ओहमचा आणि एक २ ओहमचा, असे दोन सबवूफर घरात पडून आहेत. एकत्र लावता येतील का?

जोडता येतील, पण आम्ही तसा सल्ला देत नाही. समांतर जोडले तर भार १.३३ ओहम होतो आणि २ ओहमचा नग ४ च्या दुप्पट वॉट खातो. एकसर जोडले तर भार ६ ओहम होतो आणि आता ४ ओहमचा नग दुप्पट खातो. दोन्ही प्रकारांत एक नग तापत राहतो आणि दुसरा अर्धपोटी राहतो. आकार किंवा कंपनी वेगळी असेल, तर दोघांची चालही जुळत नाही. त्यातला चांगला एकच नग नीट पेटीत बसवावा.

१२. दुहेरी कॉइलीतली एकच कॉइल वापरली तर चालते का?

चालते, पण सबवूफरची वॉट झेलण्याची क्षमता निम्म्यावर येते आणि त्याचे गुणधर्म बदलतात, त्यामुळे कंपनीने सुचवलेले पेटीचे माप लागू राहत नाही. न वापरलेल्या कॉइलीची टोके मोकळी आणि झाकलेली ठेवावीत. ती एकमेकांना जोडू नयेत, नाहीतर ती कॉइल कोनला ब्रेकसारखी धरून ठेवते. दोन कॉइली दोन वेगळ्या चॅनेलांना देणाऱ्यांनी दोन्हीकडचे गेन (ॲम्प्लिफायरवरची सिग्नल कमी-जास्त करणारी बटणे) मीटरने मोजून सारखे ठेवावेत. एकाच कॉइलीवर दोन चॅनेल किंवा दोन ॲम्प्लिफायर मात्र कधीच जोडू नयेत.

१३. ओहम वाढवण्यासाठी मध्ये रेझिस्टर टाकला तर?

टाकू नये. २ ओहमच्या सबवूफरला २ ओहमचा रेझिस्टर एकसर जोडला, तर भार ४ दिसेल, पण अर्धे वॉट त्या रेझिस्टरमध्ये नुसती उष्णता होऊन जातील. डिकीत गालिच्याखाली दीडदोनशे वॉटची शेगडी ठेवल्यासारखेच ते आहे. शिवाय ॲम्प्लिफायरची कोनवरची पकड सुटते आणि बेस सैल, घुमणारा वाटतो.

१४. जोडणी केली, ओहमही बरोबर आहेत, पण बेस जवळजवळ नाही आणि थोड्या वेळाने जळकट वास येतो. काय चुकले?

ताबडतोब बंद करावे. बहुधा दुहेरी कॉइलीतली एक उलटी जोडली गेली आहे. एक कॉइल कोनला बाहेर ढकलते, तेव्हा दुसरी आत ओढते. कोन जागचा हलत नाही, वारा फिरत नाही आणि दोन्ही कॉइली तापतात. तपासण्यासाठी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. सेलचे धन टोक कॉइलीच्या धन टोकाला आणि ऋण ऋणाला क्षणभर टेकवावे. कोन बाहेर उडी घेतो. प्रत्येक कॉइलीला कोन एकाच दिशेने उडाला पाहिजे. दोन वेगळ्या सबवूफरांपैकी एक उलटा असेल, तर वास येत नाही, पण दोघांचा बेस एकमेकांना खातो.

१५. ॲम्प्लिफायर ३०० वॉटचा आणि सबवूफर ५०० वॉटचा आहे. धोका आहे का? गेन किती ठेवावा?

दोन्ही आकडे आरएमएस, म्हणजे सतत देता-झेलता येणाऱ्या वॉटचे, आहेत ना, हे आधी पाहावे. खोक्यावरच्या ‘३००० वॉट मॅक्स’ला हिशेबात जागा नाही. खात्री नसेल, तर ॲम्प्लिफायरवरच्या फ्यूजवरून अंदाज येतो. ३० ॲम्पियरचा फ्यूज आणि १३.८ व्होल्ट म्हणजे आत जाणारे ४१४ वॉट. त्यातून डी-क्लासचा (कमी वीज उष्णतेत घालवणारा) ॲम्प्लिफायर फार तर सव्वातीनशे वॉट बाहेर देईल, आणि एबी-क्लासचा (जास्त तापणारा) दोनशे-सव्वादोनशे.

कमी वॉटच्या ॲम्प्लिफायरने सबवूफर जळत नाही. जळतो तो गेन शेवटपर्यंत फिरवल्याने. ॲम्प्लिफायरला झेपत नाही, तेव्हा लाटेचे डोके कापले जाते, आणि पूर्ण चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट उष्णता कॉइलीत ओतते. गेन बसवण्याची रीत अशी : वॉट आणि ओहम यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे. ३०० वॉट आणि ४ ओहम असतील, तर १२०० चे वर्गमूळ म्हणजे सुमारे ३४.६ व्होल्ट. सबवूफर सोडवावा, बेस बूस्ट बंद करावा, गाडी चालू ठेवावी, डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर आणून ५० हर्ट्झचा सूर लावावा आणि टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजत गेन शून्यापासून हळूहळू वाढवावा. आकडा ३४.६ ला पोचला की थांबावे.

१६. सकाळी चांगले वाजते, पण मे महिन्यात दुपारी प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो. ॲम्प्लिफायर खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. तो स्वतःला वाचवत असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा सहज ४२ अंशांच्या वर जातो आणि उन्हात काचा बंद करून उभ्या असलेल्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापते. ॲम्प्लिफायरचे पंख आपली उष्णता सभोवतीच्या हवेला देतात. ती हवाच साठ अंशांवर असेल, तर द्यायला जागाच उरत नाही. जो ॲम्प्लिफायर थंड प्रदेशात आपल्या किमान ओहमवर तासन्‌तास चालतो, तो येथे त्याच भाराला दुपारी दम टाकतो. म्हणून मराठवाड्यात आमचा सल्ला असा आहे की किमान मर्यादेपेक्षा एक पायरी वर राहावे. २ ओहमच्या ॲम्प्लिफायरला ४ ओहम द्यावेत आणि वॉट कमी पडत असतील, तर मोठा ॲम्प्लिफायर घ्यावा.

जागाही महत्त्वाची आहे. ॲम्प्लिफायर सीटखाली गालिच्यात गुंडाळलेला किंवा सबवूफरच्या पेटीलाच स्क्रूने मारलेला नसावा. पेटीच्या हादऱ्याने आतले सांधे निखळतात. कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत पंखांवर धुळीचा थर बसतो, तो महिन्यातून एकदा ब्रशने काढावा. तापलेल्या कॉइलीबद्दलही एक गोष्ट सांगतो. तांब्याचा रोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे कॉइल २५ वरून २०० अंशांवर गेली की तो जवळजवळ १.७ पट होतो आणि आवाज आपोआप दबतो. दबला म्हणून बटण वाढवू नये. पंधरा मिनिटे विश्रांती द्यावी.

सकाळी थंड असतानाही दिवा लागत असेल, तर सबवूफरच्या वायरी ॲम्प्लिफायरपासून सोडवून पाहावे. दिवा गेला, तर दोष भारात किंवा चेमटलेल्या वायरीत आहे आणि प्रश्न ९ प्रमाणे मोजावे. वायरी सोडूनही दिवा राहिला, तर पुरवठ्याचे व्होल्टेज आणि अर्थिंग तपासावे. तेही ठीक निघाले, तर मग ॲम्प्लिफायर दुरुस्तीला न्यावा.

१७. बेस पडला की हेडलाइट मिचकतात. जाड वायर टाकावी की कॅपॅसिटर?

वायर आणि अर्थिंग आधी. ५०० वॉट देणारा डी-क्लास ॲम्प्लिफायर बॅटरीकडून सुमारे ४५ ॲम्पियर ओढतो, एबी-क्लासचा ७० च्या पुढे जातो. तांब्याच्या ८ चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर वायरीत ५० ॲम्पियरला अर्धा व्होल्ट गळतो, तर २१ चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे ४ गेजच्या वायरीत फक्त ०.२ व्होल्ट. स्वस्त किटमधली वायर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. पातीने खरवडली की आतून पांढरी दिसते. तीच वापरायची असेल, तर तांब्यापेक्षा दीडपटीहून अधिक जाडीची घ्यावी. अर्थिंगची वायर तेवढ्याच जाडीची, आखूड, आणि रंग खरवडून काढलेल्या बॉडीच्या पत्र्यावर घट्ट बसवलेली हवी.

कॅपॅसिटर वीज तयार करत नाही. १ फॅरडचा कॅपॅसिटर १४ वरून १३ व्होल्टवर येताना १३.५ ज्यूल देतो आणि वरच्या ॲम्प्लिफायरला सेकंदाला ६०० ज्यूलहून जास्त लागतात. म्हणजे तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरता धावून येतो. सबवूफरच्या वायरीतही कंजुषी नको. २.५ चौरस मिलिमीटरच्या चार मीटर जोड वायरीचा रोध, जाऊन-येऊन, सुमारे ०.०६ ओहम होतो. ४ ओहमच्या भाराला तो जाणवत नाही, १ ओहमला मात्र सहा टक्क्यांपर्यंत खाऊन जातो.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच. तो वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून वायरीच्या क्षमतेपेक्षा मोठा टाकू नये आणि तो उडाला म्हणून त्या जागी तार गुंडाळू नये.

१८. ट्रॅक्टरवर सबवूफर लावायचा आहे. गाडीसारखेच गणित चालेल का?

ओहमचे गणित तेच, ॲम्पियरचे वेगळे. ट्रॅक्टर १२ व्होल्टचाच असतो, पण अनेक ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर चाळीसेक ॲम्पियरचाच असतो. रात्रीच्या ऊस वाहतुकीत हेडलाइट, मागचे दिवे आणि बॅटरीचे चार्जिंग वजा जाता वीस-पंचवीस ॲम्पियर उरतात, म्हणजे डी-क्लासच्या ॲम्प्लिफायरकडून अडीचशे वॉटच्या आसपास. त्याहून मोठा ॲम्प्लिफायर कमी ओहमवर चालवला, तर बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होत जाते आणि एके पहाटे कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टर सुरू होत नाही. तेथे ४ ओहमचा एकच चांगला नग लावावा.

वर सांगितलेला फ्यूज येथे दुप्पट महत्त्वाचा आहे. बॉनेटच्या कडेवर घासून वायरीचे आवरण गेले, ठिणगी पडली आणि जवळ वाळलेले पाचट किंवा कापूस असला, तर जे होते ते येथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. वायर पत्र्यातून जाते तेथे रबरी बुश आणि संपूर्ण वाटेत पन्हळी पाइप घालावा.

१९. ट्रकवर २४ व्होल्ट असतात. दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतले तर ॲम्प्लिफायर चालेल ना?

चालेल, पण बॅटऱ्या खराब होतील. एकसर जोडलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एकच रोज रिकामी होते आणि अल्टरनेटर दोन्हींना सारखाच प्रवाह देतो, म्हणून एक अर्धवट भरलेली राहते आणि दुसरी उकळते. २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावावा आणि तो ॲम्प्लिफायरला लागणाऱ्या ॲम्पियरपेक्षा मोठा असावा. ३०० वॉटच्या डी-क्लासला सुमारे २७ ॲम्पियर लागतात. १२ व्होल्टचा ॲम्प्लिफायर थेट २४ व्होल्टला लावला, तर तो जागेवर जातो.

२०. बेस ट्यूब (नळीसारख्या पेटीतला सबवूफर) आणि सीटखालच्या तयार सबवूफरलाही हे सगळे पाहावे लागते का?

आत ॲम्प्लिफायर असलेल्या प्रकाराला नाही. तो मेळ कंपनीनेच घातलेला असतो. मात्र आतला स्पीकर फाटला, तर बदली नग तेवढ्याच ओहमचा घालावा. ज्या ट्यूबमध्ये ॲम्प्लिफायर नाही, तिला प्रश्न ४ पासूनचे सगळे लागू होते.

२१. दुरुस्त करून आणलेला किंवा जुना घेतलेला ॲम्प्लिफायर जोडण्याआधी काय तपासावे?

लेबल नसेल, तर स्टीरिओसाठी किमान ४ आणि प्रश्न ८ मधल्या नियमाप्रमाणे ब्रिजसाठी किमान ८ ओहम धरून चालावे. त्यानंतर सबवूफर न जोडता ॲम्प्लिफायर चालू करावा, आवाज शून्यावर ठेवावा आणि स्पीकरच्या धन व ऋण टर्मिनलांमध्ये डीसी व्होल्ट मोजावेत. काही मिलिव्होल्ट, फार तर शंभराच्या आत दिसले तर ठीक आहे. एकदोन व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसले, तर आतला ट्रान्झिस्टर गळतो आहे. अशा ॲम्प्लिफायरला जोडलेला सबवूफर कोन एका बाजूला ताणून धरतो आणि आवाज न करता जळतो, मग त्याचे ओहम कितीही बरोबर असोत. तो दुरुस्ती करणाऱ्याकडे परत न्यावा आणि हा आकडा त्याच्यासमोर पुन्हा मोजून घेतल्याशिवाय सबवूफरची वायर त्याला लावू नये.